टाकीतली सळई

२ मार्च
आलो एकदाच्या. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पत्र्याची बाल्कनी आणि दाराला आपलं कुलूप. आपलं म्हणजे माझं आणि सासूबाईंचं. मी नवऱ्याचं घर सोडलं त्याच दिवशी त्यांनीही पिशवी भरली. म्हणाल्या, पोरगा माझाच आहे, म्हणून तर त्याला जास्त ओळखते. महिनाभरात दोघी नाक घासत परत याल, असा त्याचा निरोप आहे. बघू. सहा घरमालकांनी दोन एकट्या बायकांना दारातूनच वाटेला लावलं, सातवीने ठेवून घेतलं.
न्हाणीघरात नवाकोरा गिझर आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांना कढत पाणी लागतं, त्यामुळे स्वारी खूश. मी कारखान्यात अशाच टाक्या तपासते. हिचं वेल्डिंग चोख आहे. काम चालू असतानाच नोंद करायची तिथली सवय, म्हणून ही वही.

२४ मार्च
टाकी तळाला गंजून गळू लागली. बावीस दिवसांत. प्लंबरने आतली सळई काढली. टाकीवरचा गंज आपल्या अंगावर घ्यायला ही सळई आत सोडतात, ती चार-पाच वर्षं सहज जाते. हिची नुसती तार उरली होती.
घरमालकीणबाई फोनवर म्हणाल्या, तिथे गिझर टिकत नाहीत, बिऱ्हाडंही टिकत नाहीत. मी म्हटलं, आम्ही टिकाऊ माल आहोत. नवी टाकी बसवली. पाण्याचा दाब मोजला, बरोबर. क्षार जेमतेम. अर्थिंग ठीक. थर्मोस्टॅट खाली आणला. एकेक कारण खोडत आणलं, आता दुखणं सापडलंच पाहिजे.

६ एप्रिल
नवी सळई निम्मी झाली. गंज खडबडीत असतो, वेडावाकडा असतो. हिच्यावर ओळीने खाचा होत्या, सारख्या अंतरावर, दात लागल्यासारख्या. प्लंबरने ती हातात घेतली, लगेच खाली ठेवली आणि पान्हे गोळा केले. पुन्हा बोलावू नका म्हणाला.
नको येऊस. मी कारखान्यातून प्लास्टिकची टाकी आणून बसवली. सळई नाही, तापवायची कॉइलही काचेच्या नळीत, आत धातूचा कण नाही. खायलाच ठेवलं नाही तर खाशील काय? सासूबाई हसून म्हणाल्या, बरी खोड मोडलीस त्या खादाडाची.

१५ एप्रिल
टाकी ठणठणीत. नवऱ्याला कळवलं, महिना उलटून गेला, नाकं शाबूत आहेत.
सासूबाई मात्र थकल्यासारख्या दिसतात. हल्ली पहाटे उठून माझ्याआधी न्हातात. बादल्यांवर बादल्या.

२१ एप्रिल
डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंचं रक्त तपासलं. अंगात लोह जवळजवळ उरलेलंच नाही. रक्तस्राव कुठे होतोय, विचारत होत्या. कुठेच नाही.
गरम पाण्याला गंजाचा वास येतोय. प्लास्टिकच्या टाकीत गंज कुठून आला?

२२ एप्रिल
हात दाखवून अवलक्षण. त्याच्या तोंडचा घास मी काढला, आणि रोज सकाळी सासूबाईंना त्याच्या पुढ्यात—
वीज तोडली. पाणी तोडलं. टाकी उपसून कोरडी केली. तरी तोटीला कढत पाणी.

२३ एप्रिल
सासूबाईंना ठाऊक होतं. दहा-बारा दिवसांपासून. त्या आधी न्हायल्या की त्याचं पोट भरतं आणि मी न्हाते तेव्हा पाणी नुसतं पाणी असतं, हे त्यांनी ताडलं होतं. मला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर घर सोडावं लागेल, आणि मी नवऱ्याकडे परत गेले तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल.
मी खूप रडले. मग त्यांना खूप बोलले. आयुष्यात पहिल्यांदा.

२४ एप्रिल, सकाळ
न्हाणीघरात आहे. कडी आतून. सासूबाई काठीने दार ठोठावताहेत. म्हणताहेत, सूनबाई, मुकाट्याने बाहेर ये, मी जाते आत.
नाही.
टाकीच उतरवते. चार बोल्ट. दोन निघाले. कोरडी टाकी, पण वजन भरलेल्या टाकीचं.

तिसरा निघाला. पान्हा हातात बारीक होत चाललाय. होऊ दे, बोटांनी काढीन. बोटं पांढरी पडलीत—

टाकीतून सासूबाईंचा आवाज येतोय. गोड. सूनबाई, दमलीस, पाणी घे अंगावर.
दाराबाहेरून खऱ्या सासूबाई शिव्या घालताहेत, त्याला. असल्या शिव्या त्यांना येतात हे माहीत नव्हतं. बरं वाटलं.

पान्हा संपला. चौथा बोल्ट आपोआप फिरतोय. आतून—
फिरव. ये बाहेर. भीती वाटतेय, वाटू दे. हे घर आमचं आहे, आणि आम्ही दोघी इथून हल