मधल्या गोलाचं गवत

वैशाखरे, ५ जून

चि. प्रणितास आजीचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर हो हो म्हणतोस नि टोकावड्याची एसटी दिसेपर्यंत विसरतोस, म्हणून हे कागदावर. मी बोलते, तुझी बहीण दिशा लिहिते.

फुटबॉल क्लबच्या मैदानाचा इतिहास तू पाटीवर कोरलास, तो तिने वाचून दाखवला. संस्थापकांनी शास्त्रशुद्ध मापे घेऊन मधला गोल आखला म्हणे. वा! तुझा आजा गणू संस्थापक खरा, पण त्याला घराचं दार सरळ बसवता आलं नाय. अरे, ते गावाचं खळं. मधोमध खांब रोवायचा, भोवती बैल भात तुडवत फिरायचे, म्हणून तो गोल. दर कार्तिकात मी नि शेजारची भागी शेणाने सारवायचो. आयता गोल दिसला तेव्हा पोरांना बॉल सुचला. आधी आमची मळणी, मग त्यांचा खेळ, असंच ठरलेलं.

आता म्हणे स्टेडियम. कुंपण, गेट, कुलूप, वर विकतचं गवत. मग यंदा भात कुठे झोडायचं? तुझ्या शहापूरच्या खोलीत?

लोभ आहेच, म्हणून तर ओरडते.

तुझी आजी, अंबूबाई

शहापूर, ११ ऑगस्ट

ती. आजीस सा. न.

विसरलो नव्हतो, घाबरलो होतो. मी नुसता चिटणीस. कमिटी म्हणते, मैदानात मळणी बंद.

पण रविवारी उद्घाटनाला मजा झाली. आमचं गवत पावसात कुजलं, मधला गोल तेवढा हिरवागार! मुंबईहून आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी वाकून हात फिरवला, असं लॉन मुंबईत नाही म्हणाले. पुढच्या वर्षी परत बघायला येणार आहेत. अध्यक्ष पंढरीकाका खोकत म्हणाले, निगा आमचीच. नंतर मी विचारलं, हे बी कुठलं? तर म्हणाले, तुझ्या आजीला विचार, आणि बाहेर बोलू नकोस.

लोभ असावा, रागाला थोडी सुट्टी असावी.

तुझा प्रणित

वैशाखरे, १७ ऑगस्ट

चि. प्रणितास आशीर्वाद.

पत्र ऐकून भागी हसता हसता ओट्यावरून पडायची राहिली. अरे शेतकऱ्याच्या नातवा, ते लॉन नाय, आपलं झिणी भात आहे! गेल्या मळणीला सांडलेले दाणे उगवले. तुला ओळखू आलं नाय, तू शहापूरकर झालास. पंढरीचा जन्म चिखलात गेला, त्याने ओळखलं नि पाहुण्यासमोर गिळलं.

आता त्याला सांग, पुढल्या वर्षी गोल हिरवा हवा तर दाणे सांडायला हवेत, दाणे सांडायला मळणी हवी, नि मळणीला गेटची चावी हवी. दिवाळीआधी चावी माझ्या कनवटीला. आमी झोडून घेतलं की तुमी खुशाल लाथा मारा. पाटी राहू दे तशीच. बैलांना वाचता येत नव्हतं, मलापण नाय.

माया आटली नाय, चावी आली की आणखी वाढेल.

तुझी आजी

चावीसोबत शहापूरच्या बाजारातले सुके बोंबील पाठव. अख्खे. मागल्या खेपेला नुसती डोकीच पाठवलीस.