रुखवतातला डाग
नाताळ, पार्सिपनी, अमेरिका

आज इतकं बरं वाटतंय म्हणून सांगू! माझे बाबा दुसऱ्या महायुद्धात दवाखान्याच्या जहाजावर आचारी होते. तिथल्या नाताळच्या जेवणाचं छापील कार्ड त्यांनी जन्मभर जपलं आणि माझ्या लेकीच्या रुखवतात हौसेनं मांडलं. विहीणबाईंनी त्यावरच चहाचा कप टेकवला. वर म्हणाल्या, "आचाऱ्याचं मेलं काय कौतुक!" वरमाई पडल्या, मी कप तेवढा उचलला. बाबा नुसते पुसत राहिले. गोल डाग राहिला तो राहिलाच.

आज लेकीच्या घरी नातीनं ते कार्ड फ्रेम करून भिंतीवर लावलं. शेजारची गोरी बाई विचारते, हा डाग लढाईतला का? मी नातीला म्हटलं, "सांग गं तिला, हा तुझ्या बाबांच्या आईच्या कपाचा!" विहीणबाई समोरच, लालेलाल!

वाईट वागले का मी? छे! त्यांच्या चहाखाली मुद्दाम दोन बशा ठेवल्या.