सहा आखूड बाण

१२ जानेवारी, सोमवार

आल्या! बाणाच्या बारा कांड्या, कार्बनच्या, काळ्या कुळकुळीत. ड्यूटीवरून आलो तर रचनाने खोका जसाच्या तसा ठेवला होता. म्हणाली, "तुमची हौस हाय, तुमीच फोडा." मासळी कापायच्या सुरीनेच फोडला. सगळ्या खोक्याला कोलंबीचा वास!

तीन आठवडे डोकं खाल्लं ह्या निवडीने. बाणाच्या कांडीवर जो आकडा असतो तो उलटा चालतो — आकडा मोठा तर कांडी नरम, लहान तर ताठ. मी कंपनीत वीस वर्षं फिटर आणि हे मला ऑर्डर देता देता कळलं. थोडक्यात वाचलो. रचनाचं लाकडी धनुष्य पस्तीस पौंडी, त्याला सहाशेचा आकडा बरा. तिला हे सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे बोंबील नको नि सुकी वाकटीपन नको. बांगडा पायजे."

माझे तीन आठवडे, तिचे तीन मासे!

८ फेब्रुवारीला अलिबागला जिल्ह्याची निवड. बायकांतल्या पहिल्या दोघी राज्याला जाणार. सत्तावीस दिवस आहेत.

१३ जानेवारी

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानावर क्रीडा महोत्सव होता, तिथे कुणीतरी धनुष्य लोकांच्या हातात देत होतं. तरणीबांड पोरं अर्धं ओढून हसत परत देत होती. ही बाजारातून येत होती, रिकामी टोपली बाजूला ठेवली, पदर खोचला आणि दोरी हनुवटीपर्यंत आणली. बाण सुटला तो गवताच्या गादीत पिसांपर्यंत. पंधरा वर्षं टोपली उचललेला खांदा आहे तो!

तिच्या धनुष्याला नेम धरायचं भिंग नाही, काटा नाही, काही नाही. नुसतं बघते आणि सोडते. विचारलं होतं, "कुठे बघतेस?" तर म्हणे, "जितं लागायला पायजे तितं."

अभिमान वाटतो. स्वतःच्या वहीत लिहायला लाज कसली?

१८ जानेवारी, रविवार

आज संध्याकाळी किनाऱ्यावर पहिली परीक्षा घेतली.

लाकडी धनुष्यात मूठ बाणाच्या वाटेतच येते. त्यामुळे बाण सुटताना मुठीला वळसा घालून, वाकून पुन्हा सरळ होतो. किती वाकावा ते जमवणं हाच सगळा खेळ. त्यासाठी एक बाण पिसांचा सोडायचा आणि एक बोडका, बिनपिसांचा. पिसं बाणाच्या चुका झाकतात, बोडका सगळं उघडं करतो. बोडका पिसांच्या बाणाच्या उजवीकडे लागला तर कांडी नरम. डावीकडे लागला तर ताठ. नरम असली तर थोडी थोडी कापत जायचं — आखूड केली की ताठ होते. कापलेली मात्र परत जोडता येत नाही.

आपला बोडका चांगला हातभर उजवीकडे! म्हणजे नरम. बोंबील!

रचना म्हणाली, "वारा हाय. सकाळी बगू."

मी म्हटलं, "वारा कसला, झुळूक आहे." आमच्या गावाला, वर भाताच्या खाचरांत, वारा म्हणजे कौलं उडवतो तो. ती पदर सावरून बाण गोळा करायला गेली.

१९ जानेवारी

मित्राच्या, सदाच्या वर्कशॉपमध्ये बारीक पात्याचं मशीन आहे. पाव इंच कापलं. सहाच कांड्यांना हात लावला — सगळा माल एका झटक्यात कापायचा नाही, ही कंपनीची शिस्त. सदा म्हणाला, "बायकोसाठी इतकं कोण करतं रे विनेश?" मी म्हटलं, मी करतो!

२१ जानेवारी

पुन्हा संध्याकाळ, पुन्हा उजवीकडे. अजून अर्धा इंच कापलं. नेम तिचा, हिशेब माझा. ही जोडी जमलीय.

२३ जानेवारी

अजून पाऊण इंच. एकूण दीड. आणि — बोडका पिसांच्या बाणाला खेटून! जमलं!! किनाऱ्यावर एकटाच नाचलो. रचना नुसती हसली.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. दुपारी नीराबाईंच्या सुपारीच्या वाडीत सराव. नीराबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वाडीत पान हलत नाही, मस्त जागा. पहिल्या दोन फेऱ्या जरा डावीकडे गेल्या, मग एकेक बाण मधोमध. तीस बाणांत पंचवीस मधल्या पिवळ्यात! एवढं तिचं आजवर कधी झालं नव्हतं.

माझे बाण! विचारलं, कसे आहेत? तर म्हणाली, "बरे हाईत." कोळ्याच्या पोरीकडून "बरे" मिळालं म्हणजे सोन्याचं पदक.

१ फेब्रुवारी, रविवार

आज नाक कापलं गेलं. लिहून ठेवतो.

संध्याकाळी उगाच हौस म्हणून पुन्हा बोडका सोडायला लावला. नीराबाई तिथेच वाळत घातलेली मासळी उचलत होत्या. थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जावय, तुमी ह्या वाऱ्यात बान जोखताव?"

म्हटलं, "झुळूक आहे."

"झुळूक? खारा वारा हाय ह्यो. ह्याच्यावर व्हड्या घरी येतात, नि तुमची ती बोडकी काडी उडनार न्हाय?" पाटी खाली ठेवून हसल्या. पोट धरून हसल्या! "सकालचं या. रातचा मतलई पडतो नि खारा उठाया बगतो, त्या मधी दर्या घटकाभर श्वास धरतो. तवा जोखा."

खारे वारे, मतलई वारे — पाचवीच्या भूगोलात पाठ करून पूर्ण मार्क मिळवले होते मी. रचनाकडे बघितलं. ती म्हणाली, "सांगितलं व्हतं." बस, एवढंच.

२ फेब्रुवारी

सुट्टी टाकली. सकाळी साडेसातला समुद्र आरशासारखा. बोडका सोडला. हातभर डावीकडे! सुकी वाकटी. वाऱ्याची सगळी चूक मी कांडीच्या माथी मारली आणि दीड इंच कापून मोकळा झालो. टोकं जड लावली तर कांडी नरम पडते, पण जड टोकं पुण्याहून यायला दहा दिवस. निवडीला सहा.

एक कळत नाही. बाण एवढे ताठ, तर वाडीत मधोमध कसे लागत होते? पिसं सांभाळून घेत असतील.

बरं झालं, सहा कांड्या अजून अख्ख्या आहेत.

४ फेब्रुवारी

ड्यूटी दुसऱ्या पाळीची करून घेतली. नवीन सहांना पिसं लावली, घटकाभराच्या शांततेत जोखलं. एक सूतही कापावं लागलं नाही! बोडका आणि पिसांचा — दोघांच्या मधे बोट शिरणार नाही. दोन्ही निशाणाच्या मधापासून थोडे उजवीकडे होते, पण ह्या परीक्षेत मध बघायचा नसतो, दोघांतलं अंतर बघायचं.

म्हणजे मूळची निवड बरोबर होती. मी हात लावला नसता तरी चाललं असतं. हातच लावला नसता तर बरं झालं असतं!

५ फेब्रुवारी

वाडीत नवे बाण. सहाच्या सहा एका मुठीत मावतील असे एकत्र — आणि मधापासून वीतभर उजवीकडे. पुन्हा सहा. पुन्हा तिथेच.

काय चुकलं? बोडका खोटं बोलत नाही. वारा नाही. कांडी बरोबर, टोक बरोबर, पिसं बरोबर. तीनदा मोजलं. रचना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो. येतील जागेवर." मीच घाबरलोय, ती नाही. पहाटे बाजार, दुपारी सराव, संध्याकाळी मासळी वाळवायला आईला मदत, आणि वर मला धीर द्यायचा! हिच्या जागी मी असतो तर बाणांची सगळी नळी खाडीत फेकली असती.

तिची निवड माझ्यामुळे हुकली तर? हा एकच विचार दिवसभर.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज नवे बाण जरा मधाकडे सरकलेत, पण सगळे नाहीत. नळी मीच भरली. नवे सहा पुसून ठेवले. आखूड सहा घरी, दाराच्या मागे. ते बघवत नाहीत.

८ फेब्रुवारी, रविवार

निवड झाली! रचना दुसरी!!

सकाळी आठलाच सुरू झालं, वारा नव्हता. ती रेषेवर गेली आणि नळीतून बाण काढले — आखूड! दाराच्या मागचे! मी प्रेक्षकांच्या दोरीपलीकडून ओरडणारच होतो. तेवढ्यात पहिला पिवळ्यात. मग दुसरा.

परत येताना रिक्षात विचारलं. म्हणाली, "ते डावीकडं वीतभर जातात. वाडीत पयल्या दिशीच कललं. तवापासून मी वीतभर उजवीकडं बगते."

"मग बोलली का नाहीस?"

"वारा हाय बोलले, तवा ऐकलंत? नि तुमी किती खूश व्हतात." मग म्हणाली, "नवे सरल हाईत. राज्याला तेच न्हेनार. पन ह्यांची खोड मला म्हाईत हाय."

लग्नाला सोळा वर्षं झाली. आणखी कशाकशात ती वीतभर उजवीकडे बघत आली असेल?