राहीचा पाळणा आणि मांडवीचे घर

मांडवीच्या माझ्या घराचा खरा खर्च आधी लिहितो. चिरा माझ्या कमाईचा, वासे मोडलेल्या मचव्याचे, आणि जागा आली ती माझ्या आयच्या बदल्यात.

मी दत्ताराम रघू मयेकर, वय पासष्टच्या आसपास, धंदा मचवे व पडाव. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. कोणाच्या भिडेने नव्हे, आपखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवतो. कान तर असे की त्यांत एकदा पडलेले कधी जात नाही. वारसांनी हे ध्यानात ठेवावे.

कलम पहिले. मचवा पुतण्या शिवा यास. "म्हातारा डोळे मिटू दे, दुसऱ्या दिवशी मचवा विकतो," असे तो बंदरावर बोलला. मी जाळ्यांच्या ढिगाआड होतो. खुशाल विकावा. तळाची फळी कुजली आहे, हे मात्र गिऱ्हाइकाला सांगावे.

कलम दुसरे, घर. येथील जज्ज थॉर्नबी साहेबाची मड्डम बाळंतपणात गेली. तान्ह्याला पाजायला माझी आय राही हिला बंगल्यावर नेले. मीही तेव्हा अंगावरच पीत होतो. साहेब विलायतेस निघाला तेव्हा "वर्षभरात परत पोचवतो" म्हणून तिला बोटीवर घेतले आणि माझ्या बापाला ही जागा दिली. तिकडे साहेब पार्लमेंटात निवडून आला. हिंदुस्थानच्या गरिबांवर तासभर बोलला, असे पेपरात आले होते. दुसरे लग्न केले, आणखी चार मुले झाली. तीही आयनेच वाढवली. ते वर्ष काही संपले नाही.

पुढे साहेबाचा थोरला, म्हणजे माझा दूधभाऊ, रत्नागिरी बघायला आला. आगबोटीवरून माझ्याच पडावातून उतरला. राहीचा मुलगा मी, हे कळताच भर धक्क्यावर म्हणाला, "जेवलंस काय रे माझ्या सोन्या?" चाळिशी उलटलेला गोरा साहेब, पण हेल थेट मांडवीचा. मराठी त्याला तेवढेच येत होते, तान्ह्या मुलाशी बोलायचे. माझ्या तोंडून निघून गेले, "जेवलो गे आये." लोक पोट धरून हसले. मीही हसलो.

आय जाऊन वीस वर्षे झाली, हे त्यानेच दुभाष्याकरवी सांगितले. मग तिचा पाळणा म्हणून दाखवला. त्याला अर्थ कळत नव्हता. मला कळत होता, पण ऐकत होतो पहिल्यांदाच.

तर घर शिवाची बायको विमला हिला. ती गरोदर आहे. अट एकच: माझ्या हयातीत येऊन तो पाळणा माझ्याकडून शिकावा आणि मुलाला म्हणावा. चाल कागदावर उतरत नाही, आणि माझी बायको तुळसा वारल्यापासून घरात ऐकणारे कोणी नाही. शिवाला सोबत आणू नये. तो मध्येच मचव्याचे काढतो.

मुक्काम रत्नागिरी, ता. १४ नोव्हेंबर १९३१.

सही: दत्ताराम रघू मयेकर
साक्षीदार: काशीराम गोविंद सुर्वे, शेजारी
साक्षीदार: सदू बाळा पावसकर, तांडेल

टीप: साक्षीदारांस वाचून दाखविले. काशीराम म्हणाला, "दत्तूकाका, मग म्हणा तर तो पाळणा, त्यालाही साक्षी राहतो." म्हटला. दोन ओळींपुढे आठवला नाही.