मध्ये पडलेला बॉल

३ नोव्हेंबर
सरावाची मॅच हरलो! कशाने? मध्ये पडलेल्या बॉलने. आमच्यातली नर्स त्या ताडमाड उंटिणीकडे बघते, उंटीण नर्सकडे बघते आणि बॉल दोघींच्या मधोमध धप्प. "मला वाटलं तू घेशील." "मला वाटलं तू!" हे आमचं व्हॉलीबॉल. सहा बायका, अक्कल एकीलाच. कॅप्टन म्हणून मी बोंबलत असते — "तुझा! तुझा! मागे हो!" — म्हणून निदान वीस पॉइंट तरी होतात.

४ नोव्हेंबर
कोच सरांनी हॉलमध्ये सगळ्यांना खाली बसवलं. "टीमने मिळून विचार करायचा." विचार! मॅचनंतर चहा की सरबत हे ठरवायला यांना अर्धा तास लागतो, आणि शेवटी सगळ्या नळाचं पाणी पितात. आज तासभर खल करून ठरलं काय, तर "बघून घेऊ". नर्स हळूच म्हणाली, "तू ओरडलीस ना, की दचकायला होतं गं." दचकते म्हणे! रोज रक्त बघते ती बाई!

उंटीण नुसती मान हलवत होती. तिला उंची दिली, बाकी सगळं द्यायचं राहिलं.

६ नोव्हेंबर
शनिवारच्या सेमीफायनलनंतर हात वर करून ठरवणार — कॅप्टन मीच, की दुसरी कुणी. सरांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं. माझ्याबद्दल या ठरवणार! इतकी वर्षं यांना मीच हाकतेय.

रडले. खोटं कशाला लिहू? नळ सोडून बाथरूममध्ये रडले. कॅप्टनपण गेलं तर मी त्या हॉलमध्ये पाय ठेवणार नाही, आणि हॉलशिवाय मला दुसरं आहे काय?

नवरा म्हणाला, "एक मॅच गप्प राहून बघ. कळेल त्यांना." लग्नानंतर पहिल्यांदा कामाचं बोलला.

७ नोव्हेंबर
ठरलं. उद्या तोंडातून चकार शब्द नाही. पडू देत बॉल धपाधप. येतील नाक घासत!

८ नोव्हेंबर
जिंकलो. मध्ये एकही बॉल पडला नाही.

कॅप्टन मीच. सगळ्यांनी हात वर केले. नर्सने माझ्या गळ्याला हात लावून बघितला आणि अगदी काळजीने म्हणाली, "घसा बसलाय ना? फायनलपर्यंत बोलू नकोस हं."

मी मान डोलावली.