सातशे दहा ग्रॅमचा ट्रायपॉड

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील.) आम्ही सगळे मजेत. तुझा गुडघा काय म्हणतोय? तळ्याकाठच्या सहलीचं विचारलं तर फोनवर तू नुसतं "बघते" म्हणालीस, आणि आपल्या घरात "बघते" म्हणजे "नाही", हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे. गेल्या सहलीत मी भर बसस्टँडवर तुझी खांद्याची पर्स काट्याला लावली आणि चार किलो आठशे हा आकडा चारचौघांत मोठ्यांदा वाचला, त्याचा हा राग. आता पर्समध्ये दोन टॉर्च, छत्री, कात्री आणि छोटी इस्त्री कोण ठेवतं... पण जाऊ दे, तो विषय नको. तू यायला हवीस, एवढंच माझं म्हणणं. त्यासाठी तर मी ट्रायपॉड घेतला.

म्हणशील, माझ्या येण्याचा आणि ट्रायपॉडचा काय संबंध? सांगतो. परवा जुने अल्बम काढून बसलो होतो. आपण दोघं एका फोटोत आहोत असा शेवटचा फोटो तुझ्या लग्नातला. पुढे कॅमेरा माझ्या हातात आला आणि मी फोटोतून जो गेलो तो गेलोच. एका ठिकाणी माझी सावली आहे, एका ठिकाणी अंगठा. ही (म्हणजे तुझी लाडकी भावजय) अल्बम मैत्रिणीला दाखवत होती, तर त्या बाईंनी हळूच विचारलं, मिस्टर बाहेरगावी असायचे का? त्याच दिवशी ठरवलं, यंदा आपल्या छोट्या कॅमेऱ्याला तीन पाय आणायचे आणि आपण ताईशेजारी जाऊन उभं राहायचं.

पार्सलच्या काउंटरवर बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी वजन शिकवू नये. वस्तू हातात आली की मी आकडा सांगतो, दहा ग्रॅम इकडेतिकडे. (मुलगी झाली तेव्हा नर्सने ती हातात दिल्याबरोबर मी वजन सांगितलं, हे ही अजून सगळ्यांना ऐकवते. ते बरोबर निघालं होतं, हे मात्र गाळते.) दुकानदाराने प्रवासाचा म्हणून जो पहिला ट्रायपॉड काढला तो उचलूनच मला दम लागला. दुसरा इतका बुटका, की त्यावरून काढलेल्या फोटोत माझं पोटच तेवढं आलं. तिसऱ्याच्या पायांना एवढे पेच, की तो उभा होईपर्यंत माणसं जेवून झोपली असती. चौथ्याच्या खोक्यावर नऊशे ग्रॅम छापलेलं, माझा हात म्हणे अकराशे. मी पिशवीतून ताणकाटा काढला. अकराशेच भरले. तर दुकानदार म्हणे, छापलेलं वजन डोक्याशिवायचं आहे; कॅमेरा बसतो तो वरचा भाग वेगळा धरायचा. मी विचारलं, तुम्ही वजन करता तेव्हा डोकं काढून ठेवता का? त्यावर त्याने मला बसायला स्टूल दिलं आणि आतून पाचवा आणला. डोक्यासकट सातशे दहा! मिटला की कोपरापासून मनगटापर्यंत. मी तो घरी असा आणला की हिला वाटलं बढती मिळाली.

लगेच गच्चीवर चाचणी. कॅमेरा बसवला, दहा सेकंदांचा टायमर लावला, धावत जाऊन हिच्याशेजारी उभा राहिलो, आणि वाऱ्याची एक झुळूक आली. ट्रायपॉड आडवा. कॅमेरा वाचला, कारण खाली हिने नुकत्याच काढलेल्या वाळल्या कपड्यांचा ढीग होता. (तो ढीग उचल म्हणून मी तीनदा सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही, म्हणून आज कॅमेरा आहे.) चार वेळा तेच. चार फोटो निघाले, चारही आभाळाचे. मी ट्रायपॉड घेऊन तरातरा दुकानात गेलो, तर दुकानदार हसला आणि त्याने एक किरकोळ उपाय सांगितला. तो खाली लिहितो. एरवी ट्रायपॉड उत्तम आहे आणि माझी निवड चुकलेली नाही.

भावजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. किरकोळ उपाय असा. या ट्रायपॉडच्या पोटाखाली एक हूक आहे. ट्रायपॉड हलका असला की त्याला चार-पाच किलो वजन टांगायचं, मग तो हलत नाही. पिशवीत विटा भरून टांगल्या, तर ही म्हणाली, आता सहलीला विटा न्यायच्या का? काल घरभर शोधलं. मजबूत पट्टा, पावणेपाच किलोच्या वर वजन आणि सहलीला आपणहून येणारी, अशी वस्तू आपल्या खानदानात एकच आहे. ताई, पर्स आण. एक ग्रॅमही कमी करू नकोस. इस्त्री विसरू नकोस.

ता. क. २. त्या दिवशी बसस्टँडवर माझं चुकलंच. दुसऱ्याच दिवशी माझा पाय मुरगळला, तेव्हा बँडेज त्याच पर्समधून निघालं होतं आणि तू चकार शब्द बोलली नव्हतीस.

ता. क. ३. ताणकाटा घरीच ठेवतोय, हिने तसं वचन घेतलंय. पण बसमधून उतरताना पर्स माझ्याकडे दे. हाताला कळायचं ते कळेलच. कुणाला सांगणार नाही.