उखळीतली खडी

नाना, उखळी फुटलेली नाही. गावात कुणालाही विचारलंत तर तो सांगेल की यंदाच्या शिमग्यात बार काढताना नानांची उखळी फुटली, जुनं लोखंड, कधीतरी जायचंच होतं. गुरवापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांचं एकमत आहे, आणि आपल्या गावात एकमत झालं की काहीतरी झाकलेलं असतं, हे तुम्हीच मला सांगायचात. उखळी धडधाकट आहे. दादाने ती दुसऱ्याच दिवशी पोत्यात बांधून नदीच्या डोहात सोडली. तुम्हाला जाऊन दहा-बारा वर्षं झाली, तुमच्यावर चिडायची माझी सवय हळूहळू सुटली होती. ती या महिन्यात परत लागली, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही उखळी भरायचात ते मला अजून स्पष्ट दिसतं. पालखी देवळातून सहाणेच्या चौथऱ्यावर यायला निघाली की तुम्ही धोतर खोचून त्या हातभर उंच लोखंडी नळ्यापाशी बसता. मास्तरकीचा चष्मा सदऱ्याच्या खिशात. आधी नळा फडक्याने पुसायचा, मग दारू, मग कागदाचा बोळा, आणि वरून शेतातली चाळलेली ओली माती, लाकडी दांड्याने ठासून ठासून. मातीत एवढासा जरी खडा दिसला तरी तुम्ही तो वेचून लांब फेकायचात आणि माती आणणाऱ्याच्या सात पिढ्या काढायचात. उखळी जमिनीत उभी रोवायची, तोंड आभाळाकडे, आणि लांब काठीला पेटती वात बांधून उखळीच्या कानाला, बुडाजवळच्या भोकाला लावायची. आवाज डोंगरावर जाऊन परत यायचा. हा मान आपल्या घराचा. मला सगळं येत होतं, पण मुलीने उखळीला हात लावायचा नसतो म्हणून मी फक्त माती चाळायची. त्याचाही राग होता, पण तो आजचा विषय नाही.

आजचा विषय छर्रा. गावात तुम्ही मातीतला खडा वेचून काढायचात आणि महाडच्या शाळेत मात्र तुमचा सगळ्यांत आवडता धडा तोफेत खडे भरण्याचाच होता, ही गंमत तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. पाठ्यपुस्तकात त्यावर एक ओळसुद्धा नव्हती, तुम्ही त्यावर दोन-दोन तास काढायचात. एकच मोठा गोळा भिंत पाडायला, पण माणसं अंगावर चालून आली की गोळ्याचा उपयोग नाही. तो एकाला घेऊन जातो आणि बाकीचे येतच राहतात. मग तोफेत भरायचे नदीतले गोटे, खिळे, साखळ्यांचे तुकडे, घोड्याचे मोडके नाल. एका मोठ्या लढाईत तर म्हणे तांब्याच्या पैशांच्या थैल्या भरल्या होत्या. तोफेच्या तोंडातून बाहेर पडलं की ते सगळं पसरतं. पुढे फिरंग्यांनी लोखंडी गोळ्यांचे घड बांधले, नंतर पत्र्याच्या डब्यात बंद केले, पण कल्पना तीच. गोलंदाजाला हे आवडायचं नाही, कारण दगडाने तोफेची आतली बाजू खरवडते, म्हणून तो दारू आणि गोटे यांच्यामध्ये लाकडाचा गट्टू ठासतो. हे सांगताना तुमचा आवाज खाली यायचा आणि तुम्ही मध्येच थांबायचात. मागच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा पुढे सरकून बसायची.

घरी तर तुम्हाला आवरच नव्हता. एकदा स्वयंपाकघरात मला पटवायला म्हणून तुम्ही आईच्या सुपातलं मूठभर कुळीथ उचललंत आणि समोरच्या भिंतीवर भिरकावलंत. "बघ, दाराएवढी जागा व्यापली. आता यातून कोण सुटेल?" आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "अवो, त्या कुळथाचा रातच्याला पिठला करायचा हाय. तुमची लढाई वट्यावर न्या." मग तुम्ही दोघांनी मिळून ते कुळीथ वेचलंत. तेव्हा मला तुम्ही फार आवडला होतात.

आणि दुसरा दिवस किल्ल्यावरचा. शाळेची सहल, ऊन, तुम्ही दरवाजाच्या वळणापाशी उभे राहून सांगताय की शत्रू इथे वळला की बुरुजावरची तोफ त्याच्यापासून इतकी जवळ. माझी मैत्रीण माझ्या शेजारी उभी आहे, माझ्याच वर्गातली, जी पुढे आपल्याच गावात खालच्या वाडीत दिली. तिने हात वर केला. "गुरुजी, पन ज्याला लागायचा त्याचा काय व्हायचा? तो लगेच मरायचा का?" तुम्ही चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "असले प्रश्न इतिहासात नसतात. बस खाली." पोरं हसली. ती बसली. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, जणू मीच तिला बसवलं होतं. तुम्ही वाईट शिक्षक नव्हतात, नाना. पण त्या दिवशी तुम्हाला उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही म्हणण्याऐवजी तुम्ही एका मुलीला गप्प केलंत.

तिला आता उत्तर माहीत आहे. लगेच मरत नाही.

झालं ते असं. तुमचा नातू, दादाचा मुलगा, मुंबईहून शिमग्याला आला. तिकडे गोदामात नोकरीला आहे, वाईट मुलगा नाही, आजोबांचा मान आपण चालवतो याचा त्याला अभिमान आहे. बरोबर चार मित्र आणले होते, मोबाईल घेऊन. त्यांना व्हिडिओ हवा होता. आभाळाकडे तोंड केलेल्या नळ्याचा व्हिडिओ काय दिसणार? मग त्याने उखळी बांधावर आडवी ठेवली, खाली दगडांचा टेकू दिला, तोफेसारखी. आणि आवाज वाढावा म्हणून मातीऐवजी वाडीच्या रस्त्यासाठी पडलेल्या ढिगातली खडी भरली. मध्ये लाकडाचा गट्टूसुद्धा ठासला. तोंड खलाटीकडे, खालच्या भातखाचरांकडे होतं. भात कधीच कापलेलं, समोर मोकळं रान, कुणी नव्हतं. मैत्रीण त्याच वेळी खालच्या वाडीतून पालखीची ओटी घेऊन पायवाटेने वर येत होती. बांधाच्या आड होती तोवर दिसली नाही. दिसली तेव्हा वात लागलेली होती.

मी तेव्हा महाडला घरी होते. तिला पोलादपूरहून महाडला आणलं म्हणून फोन आला आणि मी धावत दवाखान्यात गेले. उजवा डोळा गेलाच होता. जबडा, मान, मांडी. डॉक्टरांनी स्टीलच्या भांड्यात काढून ठेवलेलं मी पाहिलं. काळी, धारदार, रस्त्याची खडी. तरुण डॉक्टर आहेत. त्यांनी दादाला विचारलं, "उखळी फुटली म्हणता, तर लोखंडाचा एकही तुकडा कसा नाही?" दादा म्हणाला, "साहेब, फुटून खाली पडली, खालची खडी उडाली." इतकं सफाईने म्हणाला की क्षणभर मीही विश्वास ठेवला.

पण लोक एवढ्यावर थांबले असते तर मी कदाचित गप्प बसले असते. माणसं आपल्या मुलाला वाचवतात, मीही वाचवलं असतं. गावाने मात्र पुढची पायरी गाठली. उखळी फुटली तर का फुटली? इतकी वर्षं नाही फुटली ती यंदाच का? मग कुणीतरी म्हणालं की पालखी निघालेली असताना बाई आडवी गेली. देव आधी सहाणेवर बसायचा, मग ओटी आणायची, ही आपल्याकडची रीत. ती घाईने आधी निघाली. देवाला खपलं नाही. आठ दिवसांत हेच खरं होऊन बसलं. मी तिला भेटायला गेले तर अर्ध्या तोंडाला पट्ट्या बांधलेली ती मला म्हणते, "माझाच चुकला गो. नातवंडांना लवकर जेवाया घालायचा व्हता म्हनून मी आदीच निघाले. देवाला पाच नारळ बोललेय. त्यान् एकच डोला नेला, दुसरा ठेवला." आणि हे ती कृतज्ञतेने म्हणत होती, नाना. त्याच वेळी माझं ठरलं.

त्या संध्याकाळी मी भाच्याला फोन केला. तो आधी रडला, मग सगळं सांगितलं, दादाने उखळी डोहात सोडली तेही. मग म्हणाला, "आत्या, मला ठाऊक व्हता खडी काय करते. नानांनी दाखवलेला. मी लहान असताना चिंचोक्यांनी दाखवलेला, भिंतीवर. मी फक्त म्हटला की समोर कोन नाय." मी विचारलं, नानांनी हे कधी सांगितलं का, की लागलेल्या माणसाचं काय होतं? तो म्हणाला, "नाय. ते नाय सांगितला."

दादा दुसऱ्याच दिवशी महाडला येऊन उभा राहिला. "तू गप बस. पोराची नोकरी जाईल, पोलीस केस होईल, लग्न ठरायचा हाय त्याचा. तिचा खर्च मी करतोय ना?" मी म्हटलं, खर्च कर, पण तिच्या डोक्यात जे भरलंय ते काढ. देवाने मारलं असं वाटून ती उरलेलं आयुष्य काढणार. तो म्हणाला, "तेवढ्यान् तिला समाधान हाय तर तुझा काय जातंय?" हे माझ्या भावाचं वाक्य आहे. आपल्या घरात वाढलेल्या.

आधी मी तिला सांगितलं. दवाखान्यात, तिच्या मुलीसमोर. उखळी फुटली नाही, देवाचा काही संबंध नाही, खडी भरली होती आणि माझ्या भाच्याने भरली होती. मला वाटलं रडेल. तिने माझा हात झटकला आणि म्हणाली, "मंग मी देवाची माफी कशापायी मागत व्हते? आठ दिस मी देवाच्या पाया पडतेय आन् तुम्ही सगली बगताय?" मग म्हणाली, "त्याला सांग, माझ्या फुडं येऊन हुबा ऱ्हा. आन् गावासमोर बोल. माझ्यामागं कुजबुजलात तसा नाय, मोठ्यान्." ती ओरडत होती आणि जबड्याचे टाके ताणले जात होते. नर्सने मला बाहेर काढलं.

गावकी देवळाच्या मंडपात बसली. मी माहेरवाशीण, तिथे माझा काय अधिकार? दादा म्हणालाच, "ताय, च्या घे आन् घरी जा." मी गेले नाही. भाचा खाली मान घालून खांबाला टेकला होता. मी सरळ सांगितलं, काय भरलं आणि उखळी कुठे आहे. मंडपात एकदम गलका. एक वयस्कर गृहस्थ, तुमच्याबरोबर पत्ते खेळणारे, म्हणाले, "पर ताय, खडी ती खडी. बाई तितक्या लांब व्हती. चार खडं लागतील, डोला कसा जाईल? फुटलीच आसंल." आणि बाकीचे माना डोलवू लागले. पुन्हा एकमत होऊ लागलं.

मग मला समजावून सांगावं लागलं. नळा उभा असला की सगळं वर जातं, आडवा ठेवला की काय होतं. दारू आणि खडी यांच्यामध्ये गट्टू असला की जोर कसा वाया जात नाही. खडी बाहेर पडल्यावर कशी पसरते, तिच्या अंगावर वेगवेगळ्या जागी जखमा का आहेत. भाच्याने मान वर केली आणि म्हणाला, "आत्या खरा बोलते. मी भरली. समोर कोन नाय असा वाटला, पन काय व्हतं ते मला ठाऊक व्हता." दादा उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी भाचा आधी दवाखान्यात तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि मग पोलादपूरच्या पोलीस ठाण्यात गेला. उखळी डोहातून काढली, ती आता पोलिसांकडे आहे. मान आपल्या घराकडे राहणार नाही. दादा माझ्याशी बोलत नाही, वहिनी फोन उचलत नाही. मैत्रिणीचा दुसरा डोळा ठीक आहे. ती माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखं नाही. आणि तिने तसं बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही.

तुम्हाला दोष द्यायला मी बसले होते. तुम्ही पोरांना मारा शिकवलात, मार खाणारा शिकवला नाहीत, हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोटून ठेवलं होतं. ते लिहून झालं. हे कागद मी तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही, उद्या सकाळी चुलीत घालेन. पण त्याआधी एक राहिलं आहे, ते गावकीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी सांगत होते तेव्हा हळूहळू माझा आवाज खाली गेला. मी मध्येच थांबले, जिथे तुम्ही थांबायचात तिथेच. माणसं पुढे सरकली. कुणाला त्या बाईचा डोळा आठवत नव्हता, आणि मलाही नाही. माझं झाल्यावर मागून एका तरुणाने विचारलं, "ताई, मंग पत्र्याच्या डब्यात भरला तर किती लांब जाईल?" मी त्याला गप्प करायला हवं होतं, नाना. मी उत्तर दिलं. सविस्तर दिलं. आणि देताना मला फार बरं वाटत होतं.